स्नायूची साक्ष : एक प्रस्तावना

खानदेशात कपाशीवरच्या फवारणीचा जोर चढतो तो पावसाळ्यात. या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांत येणाऱ्या एका प्रकारच्या रोग्याची लक्षणे नवख्या डॉक्टरलाही तोंडपाठ असतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर, पोटात कळा, जुलाब, आणि हातापायांच्या स्नायूंत बारीक फडफड. ही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा. नसांच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन नावाचा पदार्थ सुटतो, समोरच्या स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देतो, आणि काम झाले की कोलिनएस्टरेज हे विकर त्याला लगेच तोडून टाकते. कीटकनाशक त्या विकरालाच निकामी करते. मग ॲसिटिलकोलिन साचत जाते आणि निरोप थांबतच नाही.

अशा रोग्याला डॉक्टर ॲट्रोपिन देतात, दर काही मिनिटांनी डोस वाढवत, छाती मोकळी होईपर्यंत. लाळ आटते, घरघर थांबते, नाडी वर येते. पण स्नायूंची फडफड आणि दुबळेपणा ॲट्रोपिनने जात नाही. त्यासाठी प्रालिडॉक्सिम द्यावे लागते आणि श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर. एकाच पदार्थाच्या अतिरेकातून आलेली दोन लक्षणे, त्यांतले एक या औषधाने जाते आणि दुसरे जात नाही. असे का?

उत्तर पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात दिलेले आहे. ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर दोन स्नायू पुरतात. उंदराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे इलियमचा, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कोमट टायरोड द्रावणात टांगायचा आणि त्यात ॲसिटिलकोलिनचा डोस सोडायचा. काही सेकंदांत तुकडा आखडतो आणि त्याला जोडलेला लिव्हर वर चढतो. तुकडा धुऊन घ्यायचा, द्रावणात किंचित ॲट्रोपिन मिसळायचे आणि तोच डोस पुन्हा द्यायचा. लिव्हर जागचा हलत नाही. आता बेडकाच्या पोटाच्या सरळ स्नायूवर, रेक्टस ॲब्डॉमिनिसवर, हेच केले तर ॲट्रोपिन असूनही तो आखडतो. फायसोस्टिग्मिन, म्हणजे कीटकनाशकासारखेच कोलिनएस्टरेजला अडवणारे द्रव्य, आधी दिले तर तो पूर्वीपेक्षा कितीतरी जोराने आखडतो. आतड्यातले ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, मस्करिनी प्रकारचे आणि पोटाच्या स्नायूतले निकोटिनी. ॲट्रोपिनला फक्त पहिल्यांची जागा अडवता येते. रुग्णालयातल्या खाटेवर जे एकत्र गुंतलेले दिसते, ते काचेच्या दोन नळ्यांत सुटे होऊन दिसते.

हे पुस्तक या विषयावर आहे: शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या स्नायूच्या तुकड्यावर औषधाची क्रिया कशी मोजतात. शिरपूर, चोपडा, फैजपूर, भुसावळ इथल्या फार्मसी महाविद्यालयांतून आणि जळगाव-धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ते लिहिले आहे. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी आणि बी. फार्म.च्या पहिल्या दिवसापासून इंग्रजी असा त्यांचा प्रवास असतो. घोष आणि कुलकर्णी यांची प्रायोगिक औषधशास्त्रावरची इंग्रजी पुस्तके त्यांच्या हाती असतात आणि ती उत्तमच आहेत. पण प्रयोग करताना हात का थांबवायचा, कधी थांबवायचा, हे स्वतःच्या भाषेत कुणी समजावले तर ते पक्के बसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी झाडांवर आणि औषधांवर इतके सुंदर मराठी लिहून ठेवले आहे की हा विषय मराठीत मावणार नाही, असे म्हणायला जागा उरलेली नाही.

आकुंचनच का मोजायचे, हा पहिला प्रश्न. औषधाचा रेणू दिसत नाही, तो ग्राहकाला चिकटतो तेही दिसत नाही. स्नायूचा तुकडा मात्र त्या अदृश्य घटनेचे रूपांतर लांबीत किंवा ताणात करतो, आणि लांबी व ताण मोजता येतात. शिवाय स्नायू विलक्षण संवेदनशील असतो. एखाद्या ग्रंथीच्या अर्कात एखादे द्रव्य इतके अल्प असते की जुन्या काळच्या रसायनशास्त्रज्ञाला त्याचा पत्ताही लागला नसता, पण योग्य स्नायू त्याची दखल घेई. अज्ञात द्रावणाची ताकद ठरवण्याची जैवमापनाची पद्धतही यावरच उभी आहे. जळगावच्या सराफाला ती समजावून सांगावी लागणार नाही: कसोटीच्या दगडावर तो नव्या सोन्याची रेघ ओढतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची ओढतो, आणि दोन्ही ताडून पाहतो. इथे दगड म्हणजे गिनी पिगचे इलियम किंवा उंदराचे गर्भाशय. प्रमाणित हिस्टामिनच्या किंवा ऑक्सिटोसिनच्या उंचीशी अज्ञाताची उंची जुळवायची. आज शुद्धता आणि प्रमाण ठरवायला एचपीएलसी आहे आणि ते स्नायूपेक्षा अचूक आहे, हे मान्यच करायला हवे. पण एचपीएलसी द्रव्य किती आहे ते सांगते. ते द्रव्य जिवंत ऊतीवर काय करते, हे सांगायला आजही ऊतच लागते.

या पद्धतीचा इतिहास मोठ्या माणसांनी भरलेला आहे. कार्ल लुडविगने १८४७ मध्ये फिरत्या ड्रमवर शरीरातल्या हालचाली रेघेत उमटवण्याचे यंत्र बनवले. जर्मनीत रुडॉल्फ माग्नुसने १९०४ मध्ये आतड्याचा तुकडा शरीराबाहेर, द्रावणात, तासन्‌तास काम करत ठेवून दाखवला. हेन्री डेल आणि ओटो लोवी यांनी नसा रसायनाच्या द्वारे बोलतात हे सिद्ध केले. लोवीचा १९२१ चा प्रयोग बेडकांच्या दोन हृदयांवरचा होता. दोघांना १९३६ चे नोबेल मिळाले. पण मी विद्यार्थ्यांना नेहमी आधी सिडनी रिंगरबद्दल सांगतो, कारण त्याची गोष्ट खानदेशात रोजच्या उपयोगाची आहे.

रिंगर लंडनमध्ये बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे ठोके नोंदवत होता. हृदय छान चालत होते. त्याने १८८२ मध्ये निष्कर्ष छापलेही. मग लक्षात आले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर लंडनच्या नळाच्या पाण्यात केले गेले होते. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदय हळूहळू थांबले. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. स्नायूच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते हे जगाला कळले ते असे, १८८३ च्या शोधनिबंधातून. आता आपल्याकडे पाहा. तापी खोऱ्यातल्या कितीतरी बोअरवेलचे पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरा थर धरणारे. त्या पाण्यात टायरोड बनवले तर कॅल्शियमचे प्रमाण तुमच्या हातात राहत नाही. उंदराच्या गर्भाशयासाठीच्या डी जॅलॉन द्रावणात कॅल्शियम क्लोराइड मुद्दाम कमी ठेवलेले असते, लिटरला ०.०६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गर्भाशय आपणहून आखडत बसत नाही. बोअरचे पाणी वापरून तेच द्रावण केले तर गर्भाशय आपल्या तालावर आखडत राहते आणि विद्यार्थी दोष ऑक्सिटोसिनला देतो. टायरोडमध्येही कॅल्शियम क्लोराइड वेगळे विरघळवून शेवटी घालायचे, नाहीतर बायकार्बोनेटबरोबर त्याचा साका बसतो आणि द्रावण गढूळ होते. गढूळ झालेले द्रावण टाकून द्यावे, गाळून वापरू नये.

दुसरी अडचण उन्हाची. ऑर्गन बाथचा, म्हणजे तुकडा टांगायच्या भांड्याचा, थर्मोस्टॅट फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात जळगावच्या प्रयोगशाळेत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ३७ अंशांवर ठेवलेला बाथ दुपारी आपोआप त्याच्या पुढे सरकतो. इलियमची स्वतःची हालचाल वाढते, पायारेषा थरथरते, आणि त्याच डोसला वेगवेगळी उंची येते. असे प्रयोग सकाळी लवकर घ्यावेत आणि बाथमधले तापमान प्रत्येक डोसला वहीत लिहावे. या पद्धती मुळात थंड हवेच्या देशांत घडल्या, तेव्हा ही सूचना पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

प्रयोगाची मांडणी पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे फक्त तिचा स्वभाव सांगतो. तुकडा हाताने ओढायचा नाही, चिमट्याने मधोमध पकडायचा नाही. दोन्ही टोकांना दोरा, एक टोक हवेच्या नळीच्या आकड्याला, दुसरे लिव्हरला किंवा फोर्स ट्रान्सड्यूसरला. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा ताण. मग अर्धा-पाऊण तास काहीच करायचे नाही, फक्त दर दहा-पंधरा मिनिटांनी द्रावण बदलायचे. नव्या विद्यार्थ्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण कापला गेलेला, थंड झालेला स्नायू या वेळात सावरतो. न सावरलेल्या स्नायूचा पहिला डोस नेहमी फसवतो. त्यानंतर डोस दुप्पट-दुप्पट वाढवत: ०.१, ०.२, ०.४, ०.८ मिलिलिटर. प्रत्येक डोसचा संपर्क तीस सेकंद, मग धुणे, मग पुन्हा विश्रांती, आणि हे चक्र घड्याळ लावून. वेळ चुकली तर उंची चुकते. एकाच डोसला लागोपाठ दोनदा सारखी उंची येईपर्यंत पुढे जायचे नाही. काजळी धरलेल्या ड्रमच्या काळात एक कागद खराब झाला की सगळा दिवस जाई, म्हणून माणसे जपून काम करीत. आता आलेख संगणकाच्या पडद्यावर उमटतो आणि तो पुसून पुन्हा सुरू करता येतो. सोय मोठी आहे, पण त्या सोयीने घाई शिकवली, असे माझे मत आहे.

या सगळ्या शिस्तीतून जे हाती येते, त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे पीए-टू हे मूल्य. हाइन्झ शिल्डने १९४७ मध्ये ते मांडले आणि १९५९ मध्ये अरुणलक्षण या सहकाऱ्याबरोबर ते काढायची आलेखाची रीत दिली. कल्पना साधी आहे: विरोधक औषधाची किती संहती असली म्हणजे मूळ औषधाचा डोस दुप्पट करावा लागतो? त्या संहतीच्या लॉगॅरिदमचे चिन्ह बदलायचे. ॲसिटिलकोलिनच्या विरुद्ध ॲट्रोपिनचे मूल्य नऊच्या आसपास येते, म्हणजे लिटरमागे मोलच्या अब्जांश भागात ते काम करते. हिस्टामिनच्या विरुद्ध मात्र तेच ॲट्रोपिन फार दुबळे ठरते. ज्या दोन ऊतींत एकाच विरोधकाचे मूल्य सारखे येते, तिथले ग्राहक एकाच जातीचे असण्याची शक्यता बळावते. ग्राहक दिसत नसताना त्यांची वर्गवारी करण्याची ही रीत आहे.

अभ्यासक्रमात पीए-टूचा प्रयोग प्राझोसिन आणि उंदराचा ॲनोकॉक्सिजियस स्नायू यांवर आहे. शेपटीच्या मुळाजवळचा हा नाजूक स्नायू ग्लासगोच्या गिलेस्पी यांनी १९७२ मध्ये औषधशास्त्रात आणला. विद्यार्थी हा प्रयोग गुणांसाठी लिहितात आणि विसरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्याच प्राझोसिनने महाराष्ट्रात माणसे वाचवली आहेत. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर हे औषध वापरायला सुरुवात केली. मुळात ते रक्तदाबाचे औषध. लाल विंचवाचे विष नसांच्या टोकांतून ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये एकदम सोडायला लावते, रक्तवाहिन्यांचे स्नायू आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन अल्फा-१ ग्राहकांची जागा अडवते आणि तो आवळ सोडवते. जिथे गंभीर दंशाचे दहातले तीन-चार रोगी दगावत, तिथे दगावणे अपवाद झाले. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना विंचू नवा नाही. ॲनोकॉक्सिजियसचा आलेख काढणाऱ्या शिरपूरच्या मुलीला हे ठाऊक असायला हवे की तिच्या आलेखावर नॉरॲड्रिनॅलिनची वक्ररेषा उजवीकडे सरकते, तेव्हा ती याच उपचाराचा पाया पाहत असते.

आता एका कडू विषयाकडे वळतो. आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रबंधांत स्थानिक वनस्पतीचा अर्क इलियमवर घालून तो आतडे सैल करतो असे दाखवण्याची प्रथा पडली आहे. वनस्पतींवर काम व्हायलाच हवे. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे औषध आले. मुंबईत मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्राने १९७० च्या दशकात कोलियस फोर्स्कोहलीच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळे केले, आणि १९८१ मध्ये ते ॲडिनिलेट सायक्लेज या विकराला थेट जागे करते हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांना एक हत्यार मिळाले. पण कच्च्या अर्काने आतडे सैल झाले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अर्क ज्या अल्कोहोलमध्ये किंवा डीएमएसओमध्ये विरघळवला, तेच स्नायू सैल करू शकते. वनस्पतीत पोटॅशियम भरपूर असेल तर तो अर्क आतडे आखडवतो आणि त्यात कुठल्याही औषधी रेणूचा हात नसतो. अर्काच्या आम्लतेनेही पायारेषा ढळते. म्हणून नुसत्या द्रावकाचा डोस वेगळा द्यावा, अर्क धुऊन काढल्यावर स्नायू पूर्ववत होतो का ते पाहावे, कारण मेलेला स्नायूही सैलच असतो. आणि ॲसिटिलकोलिन, हिस्टामिन व पोटॅशियम क्लोराइड या तिन्हींच्या आकुंचनावर अर्क स्वतंत्रपणे तपासावा. तिन्ही सारखीच दबली तर अर्क एखाद्या विशिष्ट ग्राहकावर नव्हे, बहुधा कॅल्शियमच्या वाटेवर काम करतो आहे. एवढे केले तर प्रबंधाला अर्थ येईल.

चांगला प्रयोग कधीकधी अपेक्षेच्या उलट बोलतो. रॉबर्ट फर्चगॉट अमेरिकेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षे काम करत होते. त्यांच्या पट्ट्या ॲसिटिलकोलिनने आखडत. १९७८ मध्ये एका प्रयोगात त्या सैल पडल्या. पट्टी बनवताना आतला नाजूक थर घासला गेला की ती आखडते आणि तो शाबूत राहिला की सैल पडते, हे त्यांनी शोधून काढले आणि १९८० मध्ये छापले. त्या थरातून सुटणारा पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि १९९८ चे नोबेल त्यावर मिळाले. विपरीत आलेख वहीतून फाडून टाकला असता तर यातले काहीच घडले नसते.

शेवटी आजच्या परिस्थितीबद्दल. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम १९९८ चे. फार्मसी कौन्सिलच्या चालू बी. फार्म. अभ्यासक्रमात या सगळ्या प्रयोगांखाली टीप आहे की ते सॉफ्टवेअर आणि चित्रफितींद्वारे दाखवायचे आहेत. पुद्दुचेरीच्या जिपमेरने बनवलेले एक्सफार्म कितीतरी महाविद्यालयांत वापरले जाते. सराव म्हणून दरवर्षी शेकडो प्राणी मारणे थांबले, हे योग्यच झाले. त्यात मला शंका नाही. पण पडद्यावरचे इलियम कधी थकत नाही, कधी आपणहून आखडत नाही, बोअरच्या पाण्याने बिघडत नाही. त्यावर माप घ्यायला शिकलेला विद्यार्थी पुढे कंपनीच्या प्रयोगशाळेत जिवंत ऊतीसमोर उभा राहतो तेव्हा गोंधळतो.

यावर वाट आहे आणि ती खानदेशात सहज परवडणारी आहे. बोकडाची श्वासनलिका आणि कोंबडीचे आतडे खाटकाकडे रोज टाकून दिले जाते. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीला कळवून, नुकत्याच कापलेल्या जनावराची श्वासनलिका थंड क्रेब्ज द्रावणात घालून तासाभरात प्रयोगशाळेत आणता येते. कूर्चेच्या कड्या कापून पाच-सहा कड्यांची साखळी बांधली की हिस्टामिनने ती आखडताना दिसते. आकुंचन संथ असते, मिनिट-दीड मिनिट थांबावे लागते, पण दमा म्हणजे काय आणि सालब्युटामॉलने श्वास का मोकळा होतो हे त्या साखळीइतके स्पष्ट कुणी सांगत नाही. यासाठी एकही प्राणी वेगळा मारावा लागत नाही. या पुस्तकातली सात प्रकरणे म्हणूनच अशा ऊतींवर बेतली आहेत, आणि उंदीर, गिनी पिग व बेडकावरचे अभिजात प्रयोग सॉफ्टवेअरवर करायचे म्हणून त्यांच्या जोडीला दिले आहेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रत्येक सत्रात निदान एक दिवस तरी विद्यार्थ्यांच्या हाती खरी ऊत द्यावी. विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की आलेख बिघडला तर तो वहीत तसाच चिकटवा, शेजारी तापमान, पाणी आणि वेळ लिहा, आणि मग शिक्षकांना विचारा.